मास्तरांचं ‘माझंच चुकलं’

गाडी शिकवणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक, आणि तोंडात एक तयार वाक्य. मास्तरांनी ब्रेक समोर उभं राहून बसवून घेतला होता. वाक्य त्यांचं त्यांनीच घडवलं होतं, आणि ते दोनच शब्दांचं होतं: “माझंच चुकलं.”

शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली आणि मागच्यांनी हॉर्नवर पंजा ठेवला, की मास्तर शांतपणे म्हणत, “माझंच चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं.” कुणी तिसऱ्याऐवजी पहिला गिअर घालून गाडीच्या पोटात कालवाकालव केली, तरी चूक मास्तरांची. कुणी फाटकाच्या खांबाला आरसा अर्पण केला, तर खांब तिथे आहे हे न सांगितल्याबद्दल मास्तर दिलगीर.

ते स्वतः मामांकडे शिकले होते. मामा मालट्रक चालवायचे आणि शिकवताना मांडीवर ओलं फडकं ठेवायचे. चुकलं की फडकं मानेवर. गाडी आली, पण मानही शिकली. पन्नाशी उलटल्यावरही गिअर बदलताना ती हळूच खांद्यांत शिरायची. आपल्या हाताखालच्या कुणाची मान अशी होऊ द्यायची नाही, एवढंच मास्तरांनी आयुष्यात पक्कं ठरवलं होतं. बाकी आयुष्य जसं आलं तसं त्यांनी चालवलं, बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये.

त्या वाक्याची गंमत अशी की ते मान्य करण्यासाठी नसतंच. ऐकणारा ओशाळतो, “छे हो मास्तर, माझंच चुकलं,” म्हणतो, आणि तसं म्हणता म्हणता त्याच्या पायातली थरथर थांबते. इतकी वर्षं हा चेक सर्रास चालला, कारण तो वटवायला कुणी कधी बँकेत नेला नव्हता.

घरी मात्र त्याची किंमत लग्नानंतर लवकरच उतरली होती. “तुमचं हे म्हणजे हॉर्न आहे,” बायको म्हणायची. “सारखा वाजतो, आणि बाजूला कोणी होत नाही.” शाळेचा फोन तीच घ्यायची. शाळा म्हणजे एक गाडी, तिच्या टपावरची पाटी आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलेला हा फोन. फोनवर तिचं उत्तर ठरलेलं असे: “मास्तर गाडीवर आहेत.” नातेवाइकांना, विमेवाल्यांना, चुकून लागलेल्या नंबरांनाही हेच. ते खरंही असायचं. सकाळी उजाडताना मास्तर जे त्या सीटवर बसत ते संध्याकाळीच उठत. जेवणही गाडीतच होई, डबा डॅशबोर्डवर ठेवून.

तर अशा त्या गाडीचं इंजिन एका सकाळी बसलं.

चालवत होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात निर्भयपणे हत्यारं घालणाऱ्या बाई स्टिअरिंगपुढे मात्र घाबरत. लांबच लांब सरळ रस्ता होता. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ आली, आणि बाईंनी पाय उचलायचा सोडून डोळे मिटले. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. हे सगळं दिवा लागल्यापासून एका श्वासात झालं. मग नेहमीप्रमाणे बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “छे हो मास्तर.” सगळं रीतसर पार पडलं. फक्त गाडी पुन्हा सुरू झाली नाही.

ओढून नेलेली गाडी शोरूमच्या मागच्या शेडमध्ये उघडली, तेव्हा तिथल्या मिस्त्रीने वाकून बघितलं आणि सांगून टाकलं की पाण्याचा पंप गेला, त्यामुळे इंजिन तापून जॅम झालं, आख्खं इंजिन बदलावं लागणार. पण गाडी वॉरंटीत आहे, तेव्हा घोर नको. मिस्त्री खरं बोलला होता. खरं बोलणाऱ्यांना शोरूममध्ये मागच्या शेडमध्ये ठेवतात, पुढे काउंटरवर वेगळी माणसं असतात.

काउंटरवर बसली होती हाफ क्लच. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, तेही मनातल्या मनात. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. क्लचवरून पाय पूर्ण उचलायचं तिला भारी भय. गाडी गुरगुरायची, पण धड जायची नाही आणि धड थांबायचीही नाही. शोरूमच्या नोकरीसाठी लायसन्स हवं होतं म्हणून ती आली होती. एकदा चढावर गाडी मागे घरंगळली आणि पोरगी हमसून रडायला लागली. मास्तर म्हणाले, “हा चढ मी निवडला. माझंच चुकलं.” ती नाक पुसत म्हणाली होती, “नाही हो मास्तर, माझंच.” मग गाडी चढावरून अलगद वर गेली. लायसन्स मिळालं, नोकरीही.

आता ती गळ्यात ओळखपत्र घालून बसली होती आणि त्यांना ‘सर’ म्हणत होती. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. उलट आपलं माणूस काउंटरवर आहे म्हणून ते हलके होऊन घरी आले.

त्यानंतर सुरू झालं ते ‘वरून’. कंपनीला कळवलंय, वरून उत्तर यायचंय. वरून विचारणा आलीय. वरून अजून काही नाही. बोलणारे ‘वरून’ म्हणताना छताकडे बघत, आणि छताला फक्त दिवे होते. मास्तर रोज बसने जात. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरत, आणि पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलं की त्यांचा पाय फरशीवर करकचून दाबला जाई. शोरूमच्या बसायच्या जागेत काचेचं टेबल होतं, कॉफीचं यंत्र होतं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक गाडी दिवसभर निर्मनुष्य डोंगरातून धावत असे. तिला कुठेच जायचं नसावं. मास्तरांना तिच्या ड्रायव्हरचं एकच खटकायचं: वळणावर इशारा देत नाही.

परतताना ते शेडमध्ये डोकावत. त्यांच्या गाडीवर धूळ बसली होती. धुळीत बोटाने कुणीतरी ‘धुवा’ असं लिहून ठेवलं होतं. टपावरची पाटी कुणीतरी काढून मागच्या सीटवर ठेवली होती, उताणी.

इकडे विद्यार्थी गळू लागले. कुणी थोडे दिवस थांबतो म्हणाला आणि दुसऱ्या शाळेच्या गाडीत दिसला. पदरचं इंजिन घालायचं तर आधी ती गाडी विकावी लागली असती, मग इंजिन घालायचं कशात, हा प्रश्न उरला असता. दुसरी गाडी घ्यायची गोष्टच नको. बायकोने एका सकाळी डबा भरला, आणि मग तो कुणासाठी भरला हे आठवून स्वतःच उघडून बसली.

शेवटी वरून फोन आला. कंपनीच्या ग्राहक विभागातून. आधी यंत्र बोललं की आपलं संभाषण रेकॉर्ड होईल. मग एक मुलगी आली. आवाजावरून नवी होती, समोरचा कागद वाचत होती. तिने गाडीचा नंबर चुकीचा वाचला. मास्तरांनी दुरुस्त केला. ती गडबडली, पुढच्या पानावर गेली, परत मागे आली. मग एका दमात विचारलं, इंजिन तापल्याची सूचना मिळाल्यानंतरही आपण वाहन चालवत राहिलात का? आणि उत्तराआधीच तिचा धीर सुटला. तिच्या मागे कुणीतरी खेकसल्याचा आवाज आला. मास्तरांनी तो ऐकला. मान खांद्यांत गेली. तिच्या मानेवर त्यांना ओलं फडकं दिसलं असणार.

“सावकाश, बाळ,” ते म्हणाले. “माझंच चुकलं.”

मुलगी म्हणाली, “धन्यवाद, सर,” आणि फोन बंद झाला.

स्वयंपाकघरात बायको कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले. “कुणाला म्हणालात?” तिने विचारलं. मास्तरांनी सांगितलं. तिने जुडी बाजूला सारली. मग म्हणाली की आता जाल तेव्हा तोंडात सुपारी धरा, गोळी धरा, काहीही धरा, पण ते वाक्य तेवढं बाहेर पडू देऊ नका.

काही दिवसांनी शोरूमच्या साहेबांनी बोलावलं. साहेबांची खोली काचेची होती. आतून सगळं दिसे, बाहेरूनही दिसे, फक्त ऐकू येत नसे. साहेबांच्या शेजारी हाफ क्लच लॅपटॉप घेऊन बसली होती. मास्तर तोंडात लिमलेटची गोळी धरून आत गेले.

साहेब अतिशय सभ्य होते. पंप सदोष होता हे त्यांनी लगेच मान्य केलं. पंप कंपनी बदलून देईल, आनंदाने देईल. इंजिनाचं मात्र वेगळं आहे. इंजिन पंपाने गेलं नाही, दिवा लागल्यावरही गाडी चालवल्याने गेलं, आणि हे कंपनी म्हणत नाही, आपणच म्हणता आहात. त्यांनी मान हलवली. हाफ क्लचने बटण दाबलं.

खोलीत मुलीचा आवाज आला: आपण वाहन चालवत राहिलात का? मग मास्तरांचा, प्रेमळ, स्वच्छ: माझंच चुकलं. ‘सावकाश, बाळ’ कुठेतरी कापलं गेलं होतं. मास्तरांना स्वतःचा आवाज कधी ऐकायची वेळ आली नव्हती. माणूस विश्वासू वाटत होता. ते न्यायाधीश असते तर त्यांनीही विश्वास ठेवला असता.

गोळी गालात सरकवून ते म्हणाले, जरा मागचं ऐकवा. साहेब म्हणाले, वरून एवढंच आलंय. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, त्या शेजारी होत्या, गाडी लगेच थांबवली हे त्या सांगतील. साहेबांनी कळकळीने विचारलं की बाईंना गाडी येते का. येत नव्हती. येत असती तर त्या कशाला शिकत होत्या? मग गाडीबद्दल त्यांचं म्हणणं कसं धरायचं, साहेब म्हणाले, आणि या अडचणीबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

“अहो, ते नुसतं म्हणायचं असतं,” मास्तर म्हणाले. “मी सगळ्यांनाच म्हणतो.”

“म्हणजे चूक नसताना?” साहेबांनी विचारलं.

“चूक नसतानाच.”

साहेब गोंधळले. त्यांच्या धंद्यात चूक असतानाही कुणी हे म्हणत नसे. त्यांनी हाफ क्लचकडे बघितलं. “तुम्ही यांच्याकडेच शिकलात ना? असं म्हणतात का हे?”

सगळं येऊन तिच्यावर थांबलं. ती एक ‘हो’ म्हणाली असती तर इंजिन मिळालंच असतं असं नाही, पण प्रकरण परत वर गेलं असतं, वाट बघता आली असती. तिने तोंड उघडलं. टेबलाखाली तिची टाच फरशीवरून जेमतेम उचलून तिथेच अडकली. मास्तरांनी ती टाच ओळखली. पाय सोडवत नव्हता आणि दाबवतही नव्हता. गाडी गुरगुरत होती. मागे उतार होता. साहेब वाट बघत होते, आणि साहेबांच्या मागे ‘वरून’ उभं होतं.

गोळी विरघळून गेली होती. मास्तरांनी थोडं पुढे वाकून, तिला एकटीला सांगावं तशा आवाजात म्हटलं, “असू दे. माझंच चुकलं.”

आता ती ‘नाही हो मास्तर’ म्हणेल, असं त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत वाटत राहिलं. तिची टाच खाली टेकली.

“थँक्यू, सर,” ती म्हणाली.

साहेबांनी उभं राहून हात मिळवला. प्रकरण इतक्या समजूतदारपणे मिटल्याबद्दल त्यांनी आभार मानले, आणि नवा पंप बसवून तयार आहे, गाडी केव्हाही घेऊन जा, असं सांगितलं. ‘घेऊन जा’ म्हणजे कशी, हे त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांनी शेडमध्ये जाऊन टपावरची पाटी तेवढी मागून घेतली. बसमध्ये ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून मांडीवर घेतली. त्या दिवशी ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली नाही. मधल्या कुठल्याशा सीटवर ते बसले, तिथून रस्ता दिसत नव्हता. पाय मोकळे लोंबत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी पाटी दाराआड टेकवून ठेवली. बायकोने पाटी बघितली, मग त्यांच्याकडे.

“म्हणालात?”

“म्हणालो.”

मास्तर तिचं ते हॉर्नचं बोलणं ऐकायला तयार होऊन उभे राहिले. तिने नुसतं पाणी आणून दिलं, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

खिडकीतला फोन वाजला. तिने सवयीने उचलला. पलीकडे कुणीतरी शिकायला यायचं म्हणत असावं. तिने ऐकून घेतलं. “मास्तर,” ती म्हणाली, आणि पुढचे शब्द ओठांवर येऊन अडकले. तिने एकवार वळून पाहिलं. ते स्वयंपाकघराच्या खुर्चीत बसले होते, हातात रिकामा पेला, उजवा पाय किंचित पुढे, फरशीवर टेकलेला.

“मास्तर घरी आहेत,” ती म्हणाली.