जाधव सरांच्या गच्चीवरची तार

हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने स्वतःच्या रेडिओ सेटवरून जगाशी बोलणारे, गच्चीवर जमले की काम राहतं बाजूला आणि किस्से साचत जातात. आमच्या महाडच्या ग्रुपचे सगळे किस्से तर जाधव सरांच्या गच्चीवरच्या एका साध्या तारेभोवती घडलेत.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्यांची धाकटी बहीण शालनताई पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत अंगणवाडी चालवते. पावसात तिकडचे मोबाईल आधी बंद पडतात. म्हणून सरांनी तिला हॅम रेडिओची परीक्षा द्यायला लावली, लायसन्स आलं, तिच्या घरावरही तार चढली. आता डोंगरापलीकडून तिचा आवाज महाडला यायला हवा, एवढंच उरलं होतं. एवढंच!

* * *

अँटेनाची तार गच्चीच्या दुप्पट लांब. सरांनी मधोमध बांबू उभा केला, दोन्ही बाजू तंबूसारख्या उतरवल्या आणि उरलेलं टोक शेजारच्या काकूंच्या चिकूला बांधलं.

"मी रेडिओवर बोलत असेन तेव्हा तारेला हात लावू नका हं," सर म्हणाले.

"मग चिकू काढायचे कधी?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर सारखे बोलतच असता!"

* * *

एका संध्याकाळी त्या तारेवर रशियातले एक आजोबा बोलले. आमची पॉवर एका बल्बाएवढी! मी शिफ्टवरून डबा घेऊन थेट आलो होतो, तसाच खाली बसलो.

आमच्या प्लँटचा फिटर सुन्या कितीतरी वेळ तारेकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "आयला, ही आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली तीच ना रे?"

* * *

मे महिन्यात तार अगदी मापात कापून झाली. जूनच्या तोंडावर घरच्यांनी, महाडात सगळेच घालतात तसा, गच्चीवर पत्रा घातला. तार आली पत्र्याच्या हातभर वर. रशिया राहू दे, शेजारची बिरवाडीसुद्धा ऐकू येईना! विज्ञानाचे सर पत्राच विसरले होते.

वहिनी म्हणाल्या, "घर गळलं तरी चालेल, हे आधी सांगायचं ना!"

शेवटी बांबू आणखी उंच केला.

* * *

पावसाने तिकडचे मोबाईल बंद पडले, तेव्हापासून दर रविवारी सकाळी सर शालनताईला रेडिओवर हाक मारायचे. रशिया आला, जपान आला, पण शेजारच्या तालुक्यातली बहीण काही येईना. पाऊस वाढला की सरांचा चेहरा बघवत नसे.

मग एकदा सावित्रीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचेही फोन गेले. वरच्या वाड्यांकडे दरड आल्याचं कुणीतरी सांगितलं. वाऱ्याने बांबू मोडला आणि तार चिकूवरून अंगणात लोंबत राहिली, जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवर.

"सर, आता काय होणार हिच्यावर?" मी म्हटलं. तरी सरांनी सेट बॅटरीला जोडला आणि हाक मारली.

नुसती खरखर. आणि मग, शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आवाज.

"दादा, आम्ही समदी विहारात हाव रे. सुखरूप हाव."

उंच तार लांबचं पकडते आणि खाली आलेली जवळचं, हेही विज्ञानाचे सर विसरले होते. सरांनी माईक तोंडाशी ओढला. "शालन! माझं ऐकू येतंय तुला?"

"दर रविवारी येतंय, दादा. मी दर रविवारी जबाब दिलाय."