खालाची तारीख

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. गफूरभाईला नाही, गावाकडं आईला नाही. एकदा एका ट्रकवाल्याला सांगायला लागलो होतो. अनोळखी माणूस, पुन्हा भेटणार नव्हता. तरी अर्ध्यावर येऊन जीभ अडली आणि मी दुसरंच काहीतरी सांगून टाकलं. आज लिहून काढतो. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं, आडवंतिडवं जाईल. सांभाळून घ्या — नाही, तेही नको. नुसतं वाचा.

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. इथं केज तालुक्यात, युसूफ वडगावात, भंडारा कुणाला ठाऊक नाही, म्हणून सगळे मला ‘नागपुऱ्या’ म्हणतात. आलो होतो बोअरच्या गाडीवर कामाला. एका शेतात लोखंडी पाइप उचलताना कमरेत अशी सणक भरली की बसलो तो उठताच येईना. गाडीला पुढचं गाव गाठायचं होतं. ती गेली, मी राहिलो.

गफूरभाईचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज रस्त्याला लागून. त्यानं मला बाजेवर टाकलं आणि म्हणाला, “पड हितं. बरा झाला की नटबोल्ट पुसायला लाग.” एवढंच. नाव विचारलं ते दुसऱ्या दिवशी. त्याच्या आईनं, मेहरुनबीनं, ताटात भाकर आणि आंबट वरण आणून ठेवलं. ती म्हणाली, “मला खाला म्हण. मावशीच समज.” तेव्हापासून आजपर्यंत या घरचं खातो. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचताना ते तुमच्या ध्यानात असलं पाहिजे. मी कुणाच्या घरी खात होतो, ते.

खाला बांगड्या भरायची. आसपासच्या कुठल्याही गावात लग्न असलं की खालाला बोलावणं. नवरीचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड दाबून आत घ्यायची, आणि बोलता बोलता बांगडी मनगटात. “हात सैल सोड गं, सासूचा गळा धरल्यावानी काय करतीस!” बाया हसायच्या, नवरी हसायची, तेवढ्यात चुडा भरून झालेला. कुणाला ओरखडा म्हणून नाही.

मग एका लग्नात नवरीच्या हातावरच काच फुटली. रक्त आलं. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण त्या दिवशी बायांनी तेही म्हटलं नाही. खाला घरी आली आणि उजवा हात मांडीवर ठेवून बघत राहिली. म्हणाली, “बोटाला काच हाय का हवा हाय, कळंना गेलंय.”

डॉक्टरनं सांगितलं, मानेत नस दबलीय, एमआरआय लागेल. खासगी सेंटरातला आकडा ऐकून खाला म्हणाली, “एवढ्यात तर माझा दुसरा निकाह व्हईल.” मोठ्या सरकारी दवाखान्यात पिवळ्या रेशनकार्डावर ते फुकट होतं, पण तारखेची वाट बघावी लागायची. नाव नोंदवायला तिनं मलाही जीपमध्ये घालून नेलं. माझी कंबर अजून धड नव्हती, डावा पाय अधूनमधून मुंग्यांनी भरायचा. तिच्या पाठोपाठ तिनं माझंही नाव लावलं. माझं कार्ड भंडाऱ्याला, म्हणून मला थोडे पैसे भरावे लागणार होते आणि माझा नंबर यादीत लई खाली होता.

फोन नंबर कुणाचा द्यायचा? गॅरेजात ग्राइंडर चालू असला की गफूरभाईला फोन ऐकू येत नाही. खालाकडं फोन नव्हता. ती खिडकीतल्या बाईंना म्हणाली, “ह्या पोराचा घाला. ह्यो उचलतो. दोघांचा एकच.” बाईंनी बजावलं, की मध्ये एखादी जागा मोकळी झाली तर फोन येईल, पण नीट उत्तर द्या, नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

म्हणजे खालाची तारीख माझ्या खिशात होती. तिनं ठेवली होती.

अजून मुद्द्यावर आलो नाही, मला कळतंय. 

त्याच दिवसांत गॅरेजात चहा पिताना गफूरभाई गमतीनं म्हणाला होता, “लवकर नीट हो बे नागपुऱ्या, कंबर मोडलेला बैल कोण पाळतंय?” सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. रात्री पाय चाचपून बघायचो — आहे ना जागेवर? उद्या हलला नाही तर? हे लोक माझे कोण? घरी परत गेलो तर आईच्या दारात आणखी एक तोंड. असं सगळं डोक्यात फिरायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. गफूरभाईनं त्यानंतर स्वतः माझ्या कमरेला तेल चोळलंय. पाळणाऱ्याच्या घरात बसून मी पाळणार नाहीत म्हणून भीत होतो.

फोन दुपारी आला. मी गॅरेजच्या मागं टायरवर बसलो होतो. पलीकडून बाई घाईत म्हणाल्या, “मेहरुनबी तुमच्याच घरच्या ना? उद्या एक जागा मोकळी झालीय. सकाळी आणाल का?”

खाला तिथंच होती. भिंतीच्या पलीकडं. भांडी घासत होती. राख लावताना तांब्या हातातून निसटला, त्याचा आवाज मला फोनमध्ये बोलता बोलता ऐकू आला.

मी म्हणालो, “त्या परगावी गेल्यात.”

असं तोंडातून गेलं. आधी ठरवलेलं नव्हतं — की ठरवलेलं होतं? किती दिवस आधीपासून? मला खरंच सांगता येत नाही.

बाईंनी विचारलं, “मग कधी येतील?” मी म्हणालो, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, “मग नाव काढू का? परत यादीत घालायला इथं यावं लागेल.”

मी म्हणालो, “काढा.”

हेच ते. जागा घेतली, हे तर आहेच. पण हा एक शब्द मी कुठंच ठेवू शकलेलो नाही. नुसतं ‘पुढं ढकला’ म्हणता आलं असतं. ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणता आलं असतं. मी काढा म्हणालो. आणि लगेच, त्याच दमात, “याच नंबरावर माझंही नाव आहे, मी आलो तर चालेल का?”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. एवढ्या घाईत माझ्या वरच्या सगळ्यांना एकेक फोन लावत बसायला बाईंना वेळ नव्हता. म्हणाल्या, या.

गफूरभाईला सांगितलं, केजला बेअरिंग आणायला जातो. त्यानं बसचे पैसे दिले. मी ते घेतले.

त्या मशीनमध्ये आडवं झोपवतात, हलू नका म्हणतात, आणि मग चहूबाजूंनी ठोकाठोक सुरू होते. मी देवाचं नाव घेत होतो. मला काही निघू नये म्हणून. तिचं नाव एकदाही मनात आलं नाही. आलं असतं तर निदान आज सांगायला काही असतं.

मला काही निघालं नाही. मणका ठीक, नस मोकळी. स्नायू आखडलाय म्हणाले, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. ती फिल्म मी येताना बसच्या सीटखाली सरकवून उतरलो.

रोज संध्याकाळी ती विचारायची. “आला का रे फून?”

“न्हाई, खाला.”

दोन शब्द. चुलीसमोर बसून, तिची भाकर खाताना. मी नाव परत लावायला जाऊ शकलो असतो. पण तिथं जायचं म्हणजे तिला न्यावं लागणार, आणि खिडकीतल्या बाई तिच्यासमोर म्हणणार — तुमच्या पोरानंच तर काढायला सांगितलं. म्हणून गेलो नाही. तिचा हात रोज थोडा थोडा जात होता. आधी बटण लागेना, मग सुई धरता येईना, मग पेला डाव्या हातानं.

गफूरभाई म्हणाला, खासगीत करू. तर तिनंच अडवलं. “कशाला उगं पैसे घालायचे? सरकारी फून येणारच हाय की. काय रे?” आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “येईल, खाला.”

हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे होतं. नुसतं लपवलं असं नाही. मी तिला थांबवून धरलं.

मग एक दिवस ती उंबऱ्यातच कोसळली. पाय सरळ पडेना. गफूरभाईनं मोटरसायकल विकली. खासगी सेंटरात खिडकीवरचा माणूस आधी पैसे भरा म्हणाला, आणि गफूरभाई काळ्या पडलेल्या बोटांनी नोटा सरकवत होता. मी खालाला उचलून मशीनपर्यंत नेलं. आत जाताना ती माझ्या गालाला डावा हात लावून म्हणाली, “पोटच्यावानी केलंस रे बाबा.” सगळ्यांनी ऐकलं. गफूरभाईनं मान हलवली. आणि मी — मी ते घेतलं.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. पाय आला. काठी घेऊन चालते. उजवा हात आला नाही. बोटं अर्धवट मिटतात, तेवढीच. बांगड्यांची पेटी गफूरभाईच्या बायकोच्या माहेरी दिली. उशीर झाला म्हणून असं झालं, असं कोणत्याही डॉक्टरनं म्हटलेलं नाही. मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकतो. स्वतः विचारत नाही. विचारलं तर सांगतील म्हणून.

मागल्या महिन्यात डॉक्टरनं पुन्हा एमआरआय सांगितला, नस मोकळी राहिलीय का बघायला. आम्ही तिघं त्याच खिडकीवर गेलो. बाई वेगळ्या होत्या. खाला पुढं वाकून म्हणाली, “नंबर ह्याचाच घाला. ह्यो उचलतो.”

मी म्हणालो, “खाला, माझा नंबर बदललाय. गफूरभाईचा द्या.”

गफूरभाई हसला. “कधी बदलला बे? सकाळी तर लागला.”

मी खिडकीकडं बघत राहिलो. खालानं माझ्याकडं बघितलं, आणि मग बराच वेळ बघत राहिली — राग नव्हता त्यात, की मला ओळखता आला नाही? शेवटी बाईंना म्हणाली, “लेकाचा घाला.” गफूरभाईनं आकडे सांगितले.

परत येताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी नव्हती बसली. पुढं बसली. कदाचित ऊन लागत असेल मागं.

त्या संध्याकाळी ताट आलं. भाकर, आंबट वरण. मी खाल्लं.

नंबर माझा तोच आहे.