खंदकरावांचा नळ

प्रौढांच्या साक्षरता वर्गात खंदकराव माझ्याच बाकावर बसत असत. तेथेच आमचा परिचय झाला. हे अर्थातच त्यांचे टोपणनाव. तरुणपणी ते लढाईवर गेले होते, परंतु त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा फावडेच अधिक काळ राहिले.

त्यांच्या घरी नळ नव्हता. गल्लीच्या टोकावरून पाणी वाहून काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, गुडघे कामातून गेले होते. अखेर घरापर्यंत जोडणी मंजूर झाली. चर मात्र ज्याचा त्याने खणायचा होता. खणण्यात माझा हात कोण धरणार, असे म्हणून खंदकरावांनी सदरा काढला.

सायंकाळी नळवाला आला आणि कपाळावर हात मारून बसला. चर नागमोडी होता. खंदकरावांनी त्याला शांतपणे समजावले, की खंदक कधी सरळ नसावा. एका टोकाला गोळा पडला तर दुसऱ्या टोकापर्यंतची माणसे जातात. वळण असले म्हणजे मरण वळणापाशी अडते. उपसलेली माती त्यांनी शत्रूच्या बाजूला, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात, रचली होती. नेम धरण्यासाठी आत पायरीही होती.

"काका, यातून पाणी यायचंय, पलटण नाही," नळवाला म्हणाला. सकाळपर्यंत चर सरळ झाला नाही तर जोडणी पुढच्या घराला देईन, असे त्याने बजावले. शेजारी मातीचा डोंगर ओलांडताना तोंडसुख घेत होताच.

 काकू रिकामी घागर उचलून लंगडत गल्लीच्या टोकाकडे निघाल्या. तो मुका टोमणा मात्र खंदकरावांच्या वर्मी बसला.

सकाळी चर सुतासारखा सरळ होता. दुपारी नळाला पाणी आले आणि पहिली बादली शेजाऱ्यानेच लावली. हे कसे जमले, असे नळवाल्याने विचारले. काकूंनीच सांगितले. त्या घागर भरून परतल्या, तेव्हा हे सरळ रेघेसाठी ताणलेल्या दोरीपाशी थिजून उभे होते. लढाईत अशा सरळ चरातच यांचा जिवाभावाचा सोबती गेला होता. मग काकूंनी कंबरेवर घागर घेऊनच रात्रभर पहारा केला आणि शेजाऱ्यालाही दोनदा हटकले. कारण फावडे उचलण्यापूर्वी खंदकरावांनी एवढेच मागितले होते:

"मी सरळ खणतो. तू वर उभी राहा, आणि बघत राहा."