उघडाच राहिलेला स्विचबोर्ड

मंडळी, बाबांचे ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले आहेत आणि त्यांना उकाडा सोसवत नाही. म्हणून आज सकाळी कूलरचा पॉइंट काढण्यासाठी अमळनेरमधल्याच एका वायरमन भाऊंना बोलावले.

"ताई, बठ्ठी वायरिंग जळेल शे," म्हणजे सगळीच जळलेली आहे, असे म्हणत त्यांनी मेन स्विच बंद केला, तारा सुट्या केल्या आणि "आत्ते येस", म्हणजे आत्ता येतो, असे सांगून दुसऱ्या कामावर गेले.

दुपारी दुसऱ्या वायरमनला विचारले. तो म्हणाला, "दुसऱ्यानं उघडलेल्या बोर्डाला आम्ही हात लावत नाही, ताई."

आता संध्याकाळ झाली आहे. बाबांना पुठ्ठ्याने वारा घालते आहे. सकाळचे वायरमन भाऊ दर फोनला "निघनूच, ताई" म्हणतात आणि मी नुसते "बरं" म्हणते.

तुम्ही काय म्हणाला असता? नेमके शब्द लिहा. मी तेच फोनवर वाचून दाखवीन.