घोलप सरांचा कमिटीसमोरचा तास

"चिठ्ठीवाले सर ऑफ झाले."

काल सकाळी बॅचच्या ग्रुपवर हा मेसेज पडला. खाली हात जोडलेले इमोजी. दोघांनी हसणारेही टाकले.

घोलप सर गेले होते.

घोलप सर उल्हासनगरच्या आमच्या जुन्या कॉलेजात टी.वाय.ला इतिहास शिकवायचे. नऊ वर्षं शिकवत होते, पण परमनंट नव्हते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला टाइमटेबल लागलं की आधी त्यात स्वतःचं नाव आहे का ते बघायचं.

शिकवायला मात्र राजा माणूस.

उल्हासनगर म्हणजे मिलिटरी छावणी होती, तिचं शहर झालं, एवढंच आम्हाला माहीत. सर म्हणाले, छावणीच्या आधी इथे कोणाची शेतं होती ते घरी विचारून या. आम्ही मूळचे इथलेच, गावठाणातले. मी आजोबांना विचारून आलो.

सरांनी ते सगळं फळ्यावर लिहिलं. खाली आजोबांचं पूर्ण नाव घातलं, पुस्तकाचं घालतात तसं.

आमच्या घरातलं नाव कॉलेजच्या फळ्यावर कधी लागेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. भिंतींना रंग, संडासांना नव्या कड्या, सगळं सुरू. प्रत्येक विभागाचं एक लेक्चर कमिटी मागे बसून ऐकणार. इतिहासाचं लेक्चर घोलप सरांकडे.

विभागात एक कायमची जागा निघणार होती. लेक्चर चांगलं झालं तर तुमचं नाव पुढे करते, असं हेड मॅडमनी सरांना सांगितलं होतं. कॉलेजभर ही गोष्ट माहीत होती.

मॅडमचं म्हणणं, मुलांना आधीच प्रश्न वाटून द्या, वर्ग जिवंत दिसतो. सरांनी साफ नकार दिला. आम्ही जर्नल जमा करायला स्टाफरूमच्या दारात उभे होतो, तेव्हा कानावर आलं. सर म्हणत होते, त्यांना पडतील ते प्रश्न विचारतील. नाहीच पडले तर माझं शिकवणं कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा चौघांना लायब्ररीच्या जिन्यात गाठलं. चार चिठ्ठ्या. एक ते चार नंबर घातलेल्या.

सरांना कळता कामा नये, अशी तंबी.

कमिटीसमोर सरांनी आमच्या शहराचाच इतिहास घेतला. पहिला प्रश्न बरोबर पडला.

दुसरी चिठ्ठी जीतूकडे. जीतू कॅम्प तीनच्या वस्तीतला, वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून गार करणारा. कमिटी बघून त्याची दातखीळ बसली. मला कोपरानं ढोसत म्हणाला, "तू पूछ ना यार, मेरेको नहीं जमेगा."

मी घाबरून उभा राहिलो आणि माझी चिठ्ठी म्हणून टाकली. तिसरी.

"सर, छावणीच्या बराकींमध्ये निर्वासितांना कसं वसवलं?"

सर अजून शेतांवरच होते. छावणीचा विषय निघालाच नव्हता.

सरांचा खडू थांबला. त्यांना सगळं कळलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

कमिटीतल्या एक बाई उठून माझ्या बाकापाशी आल्या. "छावणी तर अजून आलीच नाही. हा प्रश्न तुला कोणी दिला?"

मागे हेड मॅडम बसलेल्या. माझ्याकडेच बघत होत्या. मी एका विषयात नापास, केटी लागलेली, आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात.

"सरांनी," मी म्हणालो.

सर नाही म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस खाली."

आणि उरलेला तास त्यांनी पूर्ण घेतला. फार चांगला झाला म्हणतात. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

जूनमध्ये केटीचा फॉर्म भरायला गेलो. टाइमटेबलवर सरांचं नाव नव्हतं.

पुढे ते बदलापूरला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवायचे. 'चिठ्ठीवाले सर' हे नाव बॅचनं पाडलं. आम्हा चौघांना खरं माहीत होतं, चौघंही गप्प. मी तर हसायचोही. सगळ्यांच्या वरताण.

मध्ये एकदा अंबरनाथला शेअर रिक्षात सर माझ्या शेजारी येऊन बसले. मी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला निघालो होतो. त्यांनी आजोबांची चौकशी केली, अगदी नावानं. नोकरी लागली म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

मी मध्येच उतरलो आणि कंपनीपर्यंत चालत गेलो. इतका मी भित्रा.

काल दुपारी चिखलोलीला त्यांच्या घरी गेलो. दारात त्यांची मुलगी होती. बाबांचा विद्यार्थी म्हटल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"एक विचारू? बाबांनी खरंच चिठ्ठ्या वाटल्या होत्या का?"

आता कोणाच्या हातात माझे मार्क नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "हेड मॅडमनी वाटल्या. सरांना माहीतही नव्हतं. त्यांचं नाव मी घेतलं."

ती चिडली. चिडणारच. म्हणाली, "मला नका सांगू. आईला सांगा. आत आहे."

आत गेलो. बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "मी किती वर्षं विचारत होते, कोण तो मुलगा. शेवटपर्यंत नाव नाही सांगितलं त्यांनी. आधी म्हणायचे, पोराला अजून नोकरी शोधायची आहे. नंतर म्हणायचे, नोकरी लागली त्याला, आता कशाला काढतेस."

नाव नीलेश. आडनाव वर प्रोफाइलवर आहे.

बाकीचे तिघं हे वाचतीलच. ग्रुपवर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आता मला हसावं.

घोलप सर, शेवटचा नमस्कार. माफी मागायला मी फार उशीर केला.