लाल जीभ

बर्फगोळा संपवून नात मला लालभडक जीभ दाखवते आणि मी पटकन तिच्या कपाळाला हात लावून बघते. तिचा बाप तीन वर्षांचा असताना पाच दिवस तापाने फणफणला होता. डोळे लाल, जीभ लाल. आणि मी, स्वतःला अर्धी डॉक्टर समजणारी शहाणी, त्यालाच दटावत होते, "चोरून गोळा खाल्लास ना रे?"

डॉक्टरीणबाईंनी त्याचे सुजलेले तळवे हातात घेतले. "गोळा कसला, ताई! रक्तवाहिन्यांना सूज आलीय. हृदयाला धोका असतो यात. आजच तपासू."

वेळेत औषध मिळालं, हृदय वाचलं. आता त्याचे केस पिकलेत. घरी आला की मी त्याच्या छातीवर डोकं टेकते. त्याला वाटतं, म्हातारी लाडात आलीय. वाटू दे. मी ठोके ऐकत असते.