दुसरा पंच

मालक जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर माझ्या चुलत दिराचा माझ्या घराच्या जागेवर डोळा पडला. मी मुलीला घेऊन माहेरी निघून जावं, एवढंच त्याला हवं होतं. मी पिरंगुटला कंपनीत पॅकिंगचं काम करते. सुटून भरे गावात परतले की हा पठ्ठ्या वळणावर मोटारसायकल आडवी लावून बसलेला. शिव्या देत घरापर्यंत मागं यायचा, अंगणात बाटल्या फोडायचा. मुलगी शाळेतून काचा चुकवत यायची. पोलिसांनी बोलावून समज दिली, तर आठ दिवस गप्प बसला. गावातली थोर माणसं मलाच सांगायची, भावकीचं भावकीत मिटव. मिटण्यासारखं असतं तर मी दारोदार कशाला फिरले असते?

शेवटी एका वकीलबाईंनी माझ्यातर्फे दिवाणी दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. त्यानं माझी वाट अडवायची नाही, घराजवळ फिरकायचं नाही, मोडलं तर तुरुंग. मला वाटलं, सुटले. पण हुकूम त्याच्यापर्यंत पोचवावाही लागतो.

कोर्टाचा बेलिफ हुकूम घेऊन दारात आला तेव्हा दीर आतून कडी लावून बसला. बेलिफ म्हणाला, घेत नसेल तर दारावर चिकटवू, पण सही करायला दोन पंच पाहिजेत. त्याला घेऊन आलेला रिक्षावाला तयार झाला. दुसरा मिळेना. तमाशा बघायला जमलेल्यांपैकी एकाला गुरांचं पाणी आठवलं, एकाचा चष्मा घरी राहिला. माझ्या लग्नात पंगतीला बसलेली माणसं ही. मला त्यांचा राग आला, अजून येतो. पंच नाही मिळाला तर बेलिफ परत जाणार, आणि मी तिथंच, चवताळलेल्या दिराच्या तावडीत.

तेवढ्यात मागच्या दारानं बाहेर पडून आत्याबाई आल्या. दिराची आई.

"कुटं करायची सही?"

बेलिफानं समजावलं, की आजी, हा तुमच्याच मुलाविरुद्धचा कागद आहे.

"ठाव हाय. रोज ऐकतीया मी त्येचं बोलनं."

एकेक अक्षर काढत त्यांनी नाव लिहिलं. आतून दाराला लाथ बसली. बेलिफानं डिंक लावून हुकूम चिकटवला, फोटो काढला आणि निघाला.

त्यानंतर दीर माझ्या वाटेला गेला नाही. कोर्टाला भ्याला की आईच्या सहीला, देव जाणे. मुलगी अंगणात खेळायला लागली. आत्याबाई मात्र माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. महिन्याभरानं नळावर भेटल्या, तेव्हा मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं.

"सही केल्यापासनं त्यो माज्या हातचं जेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "येगळं शिजवून खातोय."

माझं चुकलं का, एवढंच मी विचारू शकले.

"तुजं न्हाई चुकलं. पुन्यांदा मागितली तरी करीन सही." त्यांनी हंडा कमरेवर घेतला. "पर तू माज्या दारात येऊ नगं. त्येनं येकदा तरी आई म्हनून हाक मारावी, म्हनून वाट बघत बसलीया मी."